शालूबाईची अँबॅसॅडर नि माझी मारुती

२ मे, सकाळ
स्वप्नाली, आधी तारीख घाल. काल इसरलीस. डोक्यावरचा चष्मा घरभर हुडकणारी नात माझी, नि म्हणती, आज्जी तू सांग, मी लिवती. लिही. तुझ्या भावाला, संग्रामला, लग्नात जुनी गाडी पायजे. फॅशन हाय म्हणं. माझ्या थोरल्या जावंनं, शालूबाईनं, तिची अँबॅसॅडर देऊ केली. आमची मारुती काय मेली हाय?

३ मे
त्रेचाळीस वर्षांमागं निपाणीहून येताना माझ्या पिशवीत सुकट होती. अँबॅसॅडरला वास लागतोय म्हणून शालूबाईनं मला कागल स्टँडवर उतरवलं. मी ते कवाच इसरले. बुधवार होता. सव्वाचार वाजलेले. म्हणून तर ह्यांच्या मागं लागून शहाऐंशीला मारुती घेतली.

५ मे
तुलना. अँबॅसॅडर चौसष्टची. अवजड. वळवायला पैलवान पायजे. सीट सोफ्यागत उंच. सोफा घरात असावा. मारुती हलकी, चटपटीत, माझ्यागत. संग्राम म्हणाला, आज्जी, दोन्ही भारी हायत. भेकड. मी जेवण सोडलं.

६ मे
संग्राम मारुतीच न्हेणार. (चहा-खारी जेवणात धरत न्हाईत.) लग्न निपाणीला, वाटेत कागल. प्लॅन: शालूबाईला गोडीनं मारुतीत बसवायची, कागल स्टँडवर उतरवायची. कारण, तिच्या अत्तराचा वास.

१२ मे
ट्रायल. बसताना गुडघा अडला. दोष गुडघ्याचा न्हाय, गल्लीला उतार हाय. उद्यापासनं रोज तेल.

१५ मे
तेल उद्यापासनं.

१९ मे
काल लग्न झालं. एक पाय मारुतीत गेला, दुसरा आमच्या मंगळवार पेठेतच ऱ्हायला. संग्रामनं ओढलं, तू ढकललंस. मुहूर्त टळाय लागला. शालूबाई माझ्याहून तीन वर्षांनी थोरली. वाकली नि टुण्णदिशी आत. वर म्हणाली, धोंडू, तू आमच्या गाडीत ये निवांत पाय पसरून, आता वास गेलाय.
कागल स्टँडवर मारुती थांबली न्हाय. काच तेवढी खाली झाली. शालूबाईनं मागं बघून मला हात केला.
अँबॅसॅडरचं सीट मऊ हाय. डोळा लागला. हे लिहू नको. लिहिलंस? खोड.
आता ऐक. शालूबाईकडं सुकटीचं कालवण पाठव. पातळ कर. डबा तिच्याच गाडीत ठेव, झाकण सैल लावून.