आभार नकोत

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! अलेक्झांड्रियाहून माराकेश, तिथून बसने अॅटलसच्या डोंगरातलं हे गाव. हाडं खिळखिळी झाली, पण जीव खूश आहे. बसमध्ये एका म्हातारीला जागा दिली, तर ती म्हणाली, अल्ला तुझ्या आईबापांवर रहम करो. आमच्याकडे हे मेलेल्यांसाठी म्हणतात. मी फणकारले, की आजी, माझे दोघेही ठणठणीत आहेत! अख्खी बस हसली. या मुलखात मीठ सरकवलं तरी आभार म्हणून हेच म्हणतात म्हणे.

जिच्या घरी उतरलेय ती लल्ला तूदा. चहा ओतता ओतता तिने पहिला प्रश्न केला, आईबाप आहेत का? आहेत तर, म्हटलं, आणि आईची जीभ जरा जास्तच जिवंत आहे. ती हसली नाही. बरं झालं सांगितलंस, एवढंच म्हणाली.

१२ ऑक्टोबर

मी शिकवते ती शाळेतली पोरं हुशार आहेत, पण आभाराचा शब्द म्हणजे उंबराचं फूल! पदरमोड करून खडू आणले, वह्या आणल्या, छोट्या इत्तोच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढल्या. तिच्या आईने नुसती मान खाली घातली. मशिदीत कुराण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या फकीहला मात्र, ज्याचे आईबाप कधीच गेले, उठता बसता आईबापांवर रहमची तीच दुआ. कॉलेजने आम्हाला सेवा करून कृतज्ञता शिकायला धाडलंय. इथे तर ती मलाच शिकवावी लागणार!

आज रागाच्या भरात ती दुआ फळ्यावर लिहिली आणि सांगितलं, मला उद्देशून म्हटल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. इत्तो रडायला लागली, की उस्तादा, हे नको, दुसरं काहीपण म्हणायला लावा. मी कसली ऐकते! सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. बरं वाटलं मला.

१३ ऑक्टोबर

बाबा गेले. भावाचा फोन आला. काल, इथे शाळा सुटायच्या सुमाराला, खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाशी तरी हसत असताना.

पावसाने रस्ता वाहून गेलाय. निघता येत नाही.

१५ ऑक्टोबर

आज लल्ला तूदाने सांगितलं. बाकी मुलखात तो नुसता शब्द आहे, या गावात ती दुआ लागते. रहम म्हणजे जवळ बोलावून घेणं. म्हणून ज्याचे आईबाप हयात आहेत त्याचे आभार इथे कुणी तोंडाने मानत नाही, मनातच ठेवतात. मग आई कशी राहिली, मी विचारलं. ती म्हणाली, पोरांनी धाकाने म्हटलं, म्हणून अर्धंच लागलं. कुणी मनापासून म्हटलं तर—

मी तिला खुळी म्हणाले. मग आईला फोन लावला. जेवणाखाणाकडे लक्ष नाही म्हणून ती माझ्यावर ओरडली. ते ओरडणं ऐकून मी अल्लाचे आभार मानले. आयुष्यात पहिल्यांदाच, मनापासून.

१८ ऑक्टोबर

कुणाचं भलं करायचं नाही. वर्गात खेकसते. इत्तोची वही फाडली. पोरं रागावत नाहीत, माझी कीव करतात. माझ्या दारात कुणीतरी गरम भाकरी ठेवून जातं. न बोलता.

मला भीती वाटते त्या भाकरीची.

२० ऑक्टोबर

ओढ्याला पूर. इत्तो पाण्यात पडली. मी उडी मारली — विचार कुठे केला! वाचली पोर. तिची आई वरच्या शेतात आहे, तिला सांगायला माणूस पळालाय. सांगू नका म्हणून ओरडले — कोण ऐकतं —

२० दुपार

ती येतेय. उतारावरून, अनवाणी. आधीची दोन लेकरं याच ओढ्याने नेलीत तिची. मनात ठेवणं कसं जमायचं तिला —

कडी लावली. कान झाकून काय उपयोग, ऐकणारी मी नाहीच —

आईला फोन लावलाय. विचारतेय, काय जेवलीस —

खिडकीतून दिसतंय, लल्ला तूदाने त्या बाईचं तोंड दाबून धरलंय. धरून ठेव गं. धरून — हात झटकला तिने —

रडतेय. अल्ला तुझ्या —

आई, बोलत राहा. ओरड माझ्यावर. आई, बो