वल्लरीच्या डोक्यातली नस

३ डिसेंबर

वल्लरीनं डोळे उघडले! "आई, पाणी," म्हणाली. सात वर्षांची पोर, डोक्याला हे एवढं बँडेज. मेंदूजवळची गोळी काढली, पण शुद्धीवर येईना. आज आली.

धायरीत पुतण्याची हळद, डीजेचा दणदणाट, आणि कुणीतरी हवेत बार काढला. कुणीतरी! रिव्हॉल्व्हर तर हिंदुराव भाऊजींचं. माझ्या नवऱ्याचे, आमोदचे थोरले बंधू. पोलिसांना सांगतात, "गर्दीत कमरेचं कुणी काढलं, ध्यानात नाय." वा! माझं माहेर नारायण पेठेतलं, एवढी भोळी नाही मी.

५ डिसेंबर

अँजिओग्राफी झाली. मेंदूच्या रक्तवाहिन्या ठीक आहेत. सुटले!

तरी डॉक्टर सुनीती म्हणतात, आठवड्यानं पुन्हा करू. गोळी जवळून गेली की नसेची भिंत कच्ची होते, मागाहून फुगते म्हणे. मग आत्ताची कशाला केली? तोंडावरच विचारलं. काहीतरी लपवतायत.

८ डिसेंबर

भाऊजी रोज बाहेरच्या बाकावर. एवढा कळवळा? आज डॉक्टरांशी कोपऱ्यात कुजबुजत होते, मला बघताच गप्प! स्वतःची कातडी वाचवायला डॉक्टरांना हाताशी धरतायत, दुसरं काय.

आमोद म्हणतो, "रिपोर्ट चांगलाय ना? घरी नेऊ. मला हे बघवत नाही." दारातूनच परत फिरतो. बापाचं काळीज.

९ डिसेंबर

डिस्चार्ज मागितला.

१० डिसेंबर

भाऊजींनी वाट अडवली. "अपेक्षा, पाया पडतो. पोरीला नेऊ नको. ती तपासणी होऊ दे, डॉक्टरीणबाई मला तेच समजावत व्हत्या."

"यात तुमचा काय फायदा?"

खरंच वाकायला लागले! थोरला दीर, माझ्यापुढे! मी मागे सरले. शेवटी तपासणीला हो म्हटलं. विश्वास बसला म्हणून नव्हे, भीती वाटली म्हणून.

१२ डिसेंबर

फुगवटा सापडला. ज्वारीच्या दाण्याएवढा. जांघेतून बारीक नळी घालून आतूनच बंद केला. "घरी फुटला असता तर—" डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे हात धरून रडले. काय काय बोलले होते मी त्यांना!

भाऊजींना चहा नेऊन दिला. तेवढ्यात हेही सांगितलं — उपकार मानते, पण माफ करणार नाही. त्यांनी कप घेतला.

१३ डिसेंबर

आमोद आज आत आला. झोपलेल्या वल्लरीच्या पायांवर डोकं टेकलं. म्हणाला, "दादाच्या कमरेचं मी ओढलं. बार मी काढला."