डाव्या हाताला पेलेल असा ब्रश

४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे न मागता मिळते. वि. वि.

फोन न करता लिहिते आहे. मी फोनवर कुजबुजले तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं, असं तुझे बाबा म्हणतात. आणि ही गोष्ट तुझ्या आईच्या कानावर जायला नको.

तिचा उजवा खांदा आखडलाय हे तुला ठाऊक आहे. किती, ते तिने सांगितलं नसेल. हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतो, वर्ष लागेल. रोज सकाळी एका हातात ड्रायर, दुसऱ्यात गोल ब्रश घेऊन केस सरळ करायची, ते बंद झालं. आता कसेबसे रबरात कोंबते आणि मान खाली घालून कामावर जाते. दातांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई! दाढ धरून आलेला माणूस तिच्याशी दोन शब्द बोलून हसत आत जातो. ती आता म्हणते की असं ध्यान घेऊन लोकांसमोर बसणार नाही, मला आत फाइलींच्या खोलीत बसवा. तसा अर्ज लिहून ठेवलाय, महिनाअखेरीला देणार. पाकीट बंद होतं, तरी मी वाचला.

मी करते तुझे केस, असं म्हटलं तर नको म्हणाली आणि दार लावून घेतलं. शेजारीण सांगत होती की गरम होणारा ब्रश मिळतो, एका हाताने चालतो. तो बघ. गुलाबी आहे म्हणून उचलू नकोस. मी चाळीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलंय. तापलेल्या वस्तूला भीत नाही, भिकार वस्तूला भिते.

लोभ आहे म्हणतेस ना, मग उत्तर लवकर धाडून दाखव.

तुझी आजी

११ मार्च

ती. आजीस सा. न., आणि हो, वाकूनच करते आहे.

अर्जाचं तुझ्याकडूनच कळलं. आई मला दर वेळी खांदा बरा आहे म्हणून सांगते.

काल दुकानात जाऊन उजवा हात खिशात घातला आणि एकेक ब्रश डाव्या हाताने डोक्यामागे नेऊन पाहिला. विक्रेतीने विचारलं, हाताला लागलंय का. दोन प्रकार असतात. एकातून गरम हवा येते. तो ओलसर केसांवरही चालतो, पण वरवंट्यासारखा जड. दुसऱ्याचे दातेच तापतात. तो हलका, म्हणून तोच घेतला. वायर लांब आहे आणि मुळाशी फिरते, त्यामुळे पीळ पडत नाही. आच कमीजास्त होते, मधली पुरे. विसरलात तर आपोआप बंद होतो. मात्र केस अगदी वाळलेलेच हवेत, हे विसरू नकोस.

एक लिहू का? आई तुला केसांना हात का लावू देत नाही, ते मला माहीत आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिचे कुरळे केस बघून तू पाहुण्यांसमोर म्हणाली होतीस की सून आणायला गेलो आणि कुंचा घेऊन आलो. तिने मला ते हसत हसत सांगितलं. पण तेव्हापासून खांदा आखडेपर्यंत केस सरळ केल्याशिवाय ती एक दिवस खोलीबाहेर आली नाही.

ब्रश तूच दे. माझं नाव सांगू नकोस.

माया आहे तशीच राहू दे, रागावलीस तरी.

तुझी भिंगरी

३१ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद, आणि एक धपाटाही. वि. वि.

कुंच्याचं मला आठवत नव्हतं. खोटं कशाला बोलू, आठवत होतं. तेव्हा सगळे हसले, म्हणून मला वाटलं मी काय भारी बोलले.

ब्रश काल आला. आज सकाळी तिला द्यायच्या आधी म्हटलं आपल्या डोक्यावर चालवून बघू. तू बजावलं होतंस, पण चाळीस वर्षांचा हात कुठे ऐकतो? पाणी शिंपडल्याशिवाय मी जन्मात इस्त्री टेकवली नाही. शिंपडलं आणि ओढला. चर्र झालं आणि वाफ थेट कानावर! माझी बोंब ऐकून तुझी आई धावत आली. माझा कान नळाखाली धरला, मग डोक्याकडे बघितलं आणि खालीच बसून हसायला लागली. म्हणे, आई स्वतःचीच परीटघडी करायला निघाल्या. किती महिन्यांनी हसली गं.

तेवढ्यात मी ब्रश तिच्या पुढ्यात ठेवला. तुझ्यासाठीच आहे म्हटलं, आणि तेव्हा जे बोलले ते बोलायला नको होतं, असंही म्हटलं. याहून जास्त मला येत नाही. ती उठली. आरशासमोर बसली. डाव्या हाताने पुढचे केस छान केले, पण मागे हात पोचेना. दोनदा नेऊन बघितला. मग वळून न बघताच ब्रश माझ्याकडे धरला.

बटा हातात घेतल्या. मऊ आहेत गं. सव्वीस वर्षं एका घरात काढली आणि मला माहीत नव्हतं. मधल्या आचेवर, कॉलरची कड काढतात तसा हळू हळू फिरवला. ती डोळे मिटून बसली होती. मानेपाशी गरम लागतंय एवढंच एकदा म्हणाली.

अर्ज पर्समध्ये घेऊन गेली होती. संध्याकाळी आली तेव्हा पर्समध्येच होता. विचारलं नाही, उघडून बघितलं. जेवताना सांगत होती की एक म्हातारा दात दाखवून झाल्यावरही काउंटरपाशी उगाच रेंगाळत होता. भांडी आवरताना मला म्हणाली, उद्या सव्वासातला जमेल का. मी बघू म्हटलं. स्टूल आत्ताच खिडकीपाशी उजेडात मांडून ठेवलंय.

लोभ वाढला नाही तरी आटू देऊ नकोस. आईला फोन करत जा, पण साडेसातनंतर. त्याआधी आम्ही दोघी कामात असतो.

तुझी आजी