गुलाबी गव्हाची ओटी

बाई, तुमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत आता विद्यार्थिनींच्या लेकरांसाठी पाळणाघर झालंय. कागद फिरवता फिरवता माझ्या चपला झिजल्या. वरचे साहेब म्हणायचे, ‘मॅडम, पोरी शिकायला येतात की बाळंतपणाला?’ मी म्हणायचे, दोन्हीला. हे उत्तर तुमचंच.

मला सातवा लागला तेव्हा सासूबाई जिंतूरहून न्यायला आल्या होत्या. शेतकी कॉलेजचं शेवटचं वर्ष, प्रात्यक्षिकं अर्धी राहिलेली. पोट दिसायला लागल्याबरोबर होस्टेलनं खोली सोडायला सांगितलेली. नामांतराच्या बंदात एसटीचा नेम नाही, त्यामुळे गावाहून ये-जा जमणारच नव्हती. त्या दिवशी गेले असते तर पदवी तिथंच संपली असती. मी बियाणं तपासायच्या खोलीत रडत उभी, आणि तुम्ही माझ्यावरच खेकसलात, ‘डोळे पूस. बियाणं भिजेल.’ मग सासूबाईंना खुर्ची दिलीत.

‘पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? हिला आई नाही. आजपासून मी हिचं माहेर. राहील माझ्या क्वार्टरात.’

‘माहेरच्यानं ओटी भरावी लागती. ठाऊक हाय का?’ सासूबाईंनी विचारलं.

तुम्ही तडक आत जाऊन ओंजळभर गहू आणलेत आणि माझ्या पदरात ओतलेत. सासूबाईंनी वाकून बघितलं. ‘गहू गुलाबी कसा वो, बाई?’

‘टाक! टाक खाली! औषध लावलंय त्याला!’ तुम्ही ओरडलात. पिशवीवरची चिठ्ठी न वाचता बियाण्याला हात लावला म्हणून आम्हाला वर्गाबाहेर काढणाऱ्या तुम्ही! साबणानं माझे हात धुतलेत, पदर धुतलात, मग स्वतःचे हात. सासूबाईंना हसू आवरेना.

‘आजवर कुनाची ओटी भरली न्हाई का वो तुमी?’

‘विधवेला कोण बोलावतं?’ हात पुसता पुसता तुम्ही म्हणालात.

सासूबाईंचं हसू थांबलं. विटाळ-चांडाळ काटेकोर पाळणारी बाई ती. मला वाटलं, संपलं सगळं, आता उठून मला घेऊन निघणार. त्यांनी पदर सारखा केला आणि खुर्चीत नीट बसल्या.

‘घरातले खायचे गहू आना. पुन्यांदा भरा. मी बसलेय हितं.’

लेक तुमच्याच घरी वाढायला लागली. मी तासाला गेले की तुम्ही झोळीची दोरी ओढत बसायचात. अंगाई येत नव्हती म्हणून ज्वारीच्या वाणांची नावं म्हणायचात. लेक गाढ झोपायची. आम्हीसुद्धा तुमच्या तासाला त्याच नावांनी झोपायचो, हे तुम्हाला कधी सांगायची छाती झाली नाही. ते दिवस फार आठवतात, बाई. तसं माहेर मला पुन्हा मिळालं नाही.

मागच्या वर्षी माझे मालक गेले. काल चारठाण्याची एक विद्यार्थिनी आली, तिला सातवा लागलाय. म्हणाली, ‘मॅडम, उद्या ओटी तुमीच भरायची.’ मी म्हटलं, अगं, तुला कळतंय का काय बोलायलीस? ती म्हणाली, ‘कळायलंय की.’ आणि गेली.

आता घरच्या डब्यातले गहू निवडत बसलेय. तुम्ही तर राहिला नाहीत, हे पत्र कुठं टाकायचं? निवडून झालं की याच डब्यात ठेवीन. त्या दिवशी दुसऱ्यांदा ओटी भरताना तुमचे हात कापत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, औषधाच्या धसक्यानं. बाई, हे गहू तर घरचे आहेत, तरी माझे हात कापायलेत.