ठोकळा ओलांडताना

११ नोव्हेंबर
दारातच अडकलो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मागून बुरुलचा म्हणाली, "म्हाताऱ्या, तार सुटली की काय?" एकतीस वर्षं बिश्केकमध्ये वरच्या विजेच्या तारेवर धावणारी ट्रॉलीबस चालवली, त्यावरून बायकोचा टोमणा. हसू आलं नाही. कंपवाताचं हे सहावं वर्ष.

१४ नोव्हेंबर
इस्पितळात गेलो. मीरिम नावाची तरुण डॉक्टर आहे. चालताना, अडथळा चुकवताना मेंदूत काय होतं, त्याचा अभ्यास करते. डोक्यावर तारांची ओली टोपी घातली, कमरेला पट्टा बांधून वर छताला अडकवलं आणि सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. समोर मधेच स्पंजचा ठोकळा पडतो — तो ओलांडायचा. बारापैकी दोन जमले. बाकीच्या वेळी नुसता लोंबकळलो, सोललेल्या मेंढीसारखा.
विचारलं, "याने मी बरा होईन?"
"नाही, आबा. काय बिघडतं ते आम्ही फक्त बघतोय. खोटं कशाला बोलू?"
पोरगी सरळ आहे. तरी राग आला.

२१ नोव्हेंबर
बारापैकी एक.

२८ नोव्हेंबर
मीरिमने पडद्यावर रेघा दाखवल्या. धडधाकट माणसाचा मेंदू ठोकळा दिसताच पाय उचलायच्या तयारीला लागतो. माझ्या रेघा म्हणजे नुसता गोंधळ.
"मेंदू झोपलाय का?"
"उलट. दुप्पट राबतोय, आबा. पण पायापर्यंत पोचत नाही."
झोपलाय म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.
घरी सांगितलं. बुरुलचा चहात नान बुडवत राहिली. मग म्हणाली, "मी आहे ना." स्वतः भिंतीला धरून उठते. किती दिवस असणार?

५ डिसेंबर
शेवटची खेप. एकही नाही. मीरिमने केसांतला चिकट लेप स्वतः पुसला. "आता पुढे काय?" म्हणालो.

९ डिसेंबर
दिवसभर खिडकीशी. बुरुलचाने मोजे घातले, बुरुलचाने काढले.

१२ डिसेंबर
सकाळी अंगणातून किंकाळी आली. बुरुलचा बर्फावरून घसरली होती, सरपण सगळीकडे सांडलेलं. ती लाकडं ओलांडून मी तिच्यापर्यंत कसा गेलो, आठवत नाही. तिला रजईवर घेतलं, ओढत आत आणलं. मांडीचं हाड मोडलंय. अ‍ॅम्ब्युलन्सवाला माझे थरथरणारे हात बघून म्हणाला, "यांना आत कुणी आणलं?"
"मी."