बिनसाखरेची कॉफी

प्रिय रऊफ,

फोन केला की तू म्हणतोस, "आई, माणसं बसलीत, नंतर बोलतो." म्हणून लिहायला बसले. पत्र काही मध्येच तोडता येत नाही.

बाबांना माती दिली आणि कबरस्तानाच्या फाटकातच तू सगळ्यांचे हात हातात घेऊन सांगितलंस, सांत्वन इथंच झालं, घरी सांत्वनाचा मांडव घालणार नाही. संध्याकाळी कैरोला टीव्हीवर बोलायलाही गेलास. अशा मांडवांविरुद्ध पुस्तकात लिहिलंस तसाच वागलास, म्हणून इथे आपल्या तांता शहरात तुझं कौतुकच झालं.

लिहिलंस ते खोटं नाही रे. मयताच्या नावाने उसनवारी करून मांडव घालायचे, कुराण पढायला नावाजलेला कारी आणायचा आणि कुणाकडे किती मोटारी आल्या ते बोलत बसायचं. तुझं पुस्तक आलं आणि न्हाव्याकडे, भाजीवाल्याकडे, जिथे बघावं तिथे एकच, "रऊफ उस्ताद म्हणतात ना..." बाबांची छाती काय फुगायची! वाचता येत नव्हतं, तरी पुस्तक काखेत मारून कॉफीच्या दुकानात जायचे. पण कुणाच्या मयताच्या मांडवात जायचं मात्र चुकले नाहीत. मी म्हणायचे, "अहो, लेक लिहितो काय आणि तुम्ही करता काय!" तर म्हणायचे, "लिहू दे त्याला, बरोबरच लिहितो. पण रडणाऱ्याजवळ कुणीतरी बसायला नको का?"

माती दिली त्या संध्याकाळी मी मोठी किटली भरून, सांत्वनाला येणाऱ्यांना देतात ती बिनसाखरेची कॉफी केली आणि दार सताड उघडं टाकून बसले. जिन्यात पावलं वाजायची, आपल्या मजल्यावर हळू व्हायची आणि वर निघून जायची. दुसऱ्या दिवशीही तेच. सगळी कॉफी मोरीत ओतली. एवढं काय वाकडं केलं आपण यांचं, म्हणून मी चडफडत होते. शेवटी समोरच्या सनिय्याला रोटीच्या रांगेत गाठलं. म्हटलं, "का गं, जीभ झडली का तुझी? माझा नवरा गेला ना!" ती तिथेच रडायला लागली. म्हणाली, "रऊफच्या आई, तुमच्याच घरी आम्ही सांत्वनाला आलो तर उस्तादांना काय वाटेल? आम्ही त्यांचा मान राखला हो." मान! तो मान घेऊन मी या घरात एकटी बसलेय, रऊफ. बाबांबद्दल एक शब्द बोलायला मला माणूस नाही.

गुरुवारी बाबांचा चाळिसावा दिवस आहे. मांडव नको मला, कारीही नको. तुझ्या पुस्तकातली एक ओळही बदलू नकोस. फक्त मंगळवारी टीव्हीवर बोलशील तेव्हा एवढंच सांग, की माझ्या आईचं दार उघडं आहे, तिच्याजवळ जाऊन बसा. माझं कुणी ऐकत नाही रे, तुझं सगळे ऐकतात. आणि जमलं तर तूही ये. कॉफी मी करून ठेवते.

तुझीच,
आई