मिनिटाला बेचाळीस

मंगळवार, ता. ९
दुपारचे सव्वातीन

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझा खोकला गेला, कंटाळा मात्र मुक्कामाला आहे. हात थरथरतो म्हणून पत्र टाइप केलंय. रुसू नकोस, बोटं माझीच आहेत.

नातीने मला कॉम्प्युटरवर टायपिंगचा वेग मोजायला शिकवलं. समोर उतारा येतो, पहिली कळ दाबली की घड्याळ आपोआप सुरू. पहिल्या दिवशी मिनिटाला अकरा शब्द! पस्तीस वर्षं कचेरीत टाइपरायटर बडवलेल्या माणसाचे अकरा! मग रोज अर्धा तास बसू लागलो. कळांकडे बघायचं नाही, आधी चुका कमी, मग वेग; आपले क्लासातले मास्तर सांगायचे तसंच. सतरावर आलो आणि अडकलो.

मग एक शक्कल काढली. उताऱ्याच्या जागी शाळेतल्या कविता घातल्या. अगं, काय झरझर उतरल्या! तो वर्ग, बाकावरचं ऊन, सगळ्यांचा एक सूर... डोळे उघडले तर एकोणतीस. नातीला ऐटीत दाखवलं.

"आजोबा, पाठ असलेलं टाइप केलंत? ही तर चक्क चीटिंग!"

"अगं, पण आकडा तर खरा आहे ना?"

"आकडा खरा, मोजणारा लबाड," म्हणाली कार्टी आणि हसत गेली.

त्यानंतर चार दिवस मी त्या खुर्चीत बसलो नाही.

कचेरीत एकच जागा निघाली होती, आठवतं? अट चाळीस शब्दांची. अर्ज आपण दोघांनीही भरले होते. परीक्षेआधीच्या रविवारी तू म्हणालीस, "दादा, घड्याळ दहा मिनिटं लाव. चाळीस भरले तरच जाते, उगाच हसं नको." कळा दिसू नयेत म्हणून तुझ्या हातांवर टॉवेल, पाठ माझ्याकडे, आणि बाबांचं घड्याळ माझ्या मनगटावर. तीनशे अठ्ठ्याहत्तर शब्द झाले, एकही चूक नाही. मी म्हणालो, "सदतीस."

तू टॉवेलची घडी घातलीस. "जडच बोटं माझी," म्हणालीस. परीक्षेला गेली नाहीस.

चिमणे, मी तुला नवव्या मिनिटालाच थांबवलं होतं.

माझा वेग तेव्हा जेमतेम एक्केचाळीस होता. तू आलीस तर जागा जाणार, हे मला कळत होतं. त्या बोटांनी तू जन्मभर लोकांचे कपडे शिवलेस. फोनवर अजूनही म्हणतेस, "जडच रे माझी बोटं," आणि दर वेळी मी विषय गुडघ्यावर नेतो.

तीनशे अठ्ठ्याहत्तर भागिले नऊ. आज कागदावर मांडून बघ.

बाबांचं घड्याळ सोबत पाठवतोय. चावी दिली की चालतं. फोन करशील की नाही, ठाऊक नाही. केलास तर गुडघ्याचं विचारणार नाही.

तुझ्यापेक्षा एका शब्दाने हळू,
दादा